जन्मनोंदीत न सापडणारी व्यंगे

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ साली डाउन सिंड्रोमची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. निदान गर्भावस्थेत झालेले असो की बाळ जन्मल्यावर, गुणसूत्रे तपासणाऱ्या प्रयोगशाळांतली नोंद तिथे पोचे. जोन मॉरिस आणि इव्हा अल्बरमन यांनी २००९ मध्ये तिचा जवळपास वीस वर्षांचा हिशेब मांडला. १९८९-९० मध्ये १,०७५ निदाने झाली होती; २००७-०८ मध्ये १,८४३, म्हणजे ७१ टक्के जास्त. त्याच काळात डाउन सिंड्रोम घेऊन जिवंत जन्मलेल्या बाळांची संख्या मात्र साधारण ७५० वरून ७४३ वर आली होती. जवळपास जागच्या जागी.

ज्याच्या हाती फक्त जन्माचे आकडे आहेत, तो म्हणेल की या वर्षांत काहीच घडले नाही. प्रत्यक्षात दोन मोठे बदल एकाच वेळी चालू होते. बायका उशिरा आई होऊ लागल्या होत्या आणि आईच्या वयाबरोबर हा धोका चढत जातो: पंचविशीत साधारण तेराशे बाळांमागे एक, चाळिशीत शंभरामागे एक. दुसरीकडे तपासण्या वाढल्या होत्या, आणि निदान कळल्यावर बहुतेक जोडपी गर्भपाताचा निर्णय घेत होती. तपासण्या नसत्या तर असे जन्म ४८ टक्क्यांनी वाढले असते, असा या दोघींचा अंदाज होता. दोन्ही बदलांनी एकमेकांना जवळजवळ बरोबर खोडले.

जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढते आहे की घटते आहे, या सरळ वाटणाऱ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. गर्भावस्थेतले निदान हा आकडा दोन्ही बाजूंनी ओढते. पूर्वी न दिसणारे दोष ते दाखवते, म्हणून आकडा फुगतो. जन्माआधीच काही गर्भ संपतात, म्हणून आकडा आटतो. सोनोग्राफीची खोली हिशेबाबाहेर ठेवून केलेली कोणतीही मोजणी आज अर्धीच असते. भारतात तर ती अर्धीही धड होत नाही. माझ्या मते त्याचे कारण कागदांची टंचाई हे नव्हे; कागद चिक्कार आहेत, ते एकमेकांना भेटत नाहीत.

मोजणीची गरज जगाला पटली ती थॅलिडोमाइडमुळे. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलेले हे झोपेचे औषध गरोदरपणातल्या मळमळीवरही दिले जाई. हात-पाय खुंटलेली बाळे जन्मू लागली. हॅम्बुर्गचे विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातले विल्यम मॅकब्राइड यांनी एकमेकांपासून दूर बसून एकच संशय व्यक्त केला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मन कंपनीने औषध मागे घेतले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळांना ते भोवले होते. हे लक्षात आले ते मुख्यतः व्यंग फार दुर्मीळ आणि ठळक होते म्हणून. त्याच औषधाने दुभंगलेल्या ओठांचे प्रमाण दुप्पट केले असते, तर कोणत्याही एका डॉक्टरला शंका आली नसती. दुप्पट झाले हे कळायला आधी एकपट किती ते माहीत हवे.

म्हणून १९६०च्या दशकात ब्रिटन, स्वीडन, अमेरिकेतले अटलांटा अशा ठिकाणी नोंदण्या सुरू झाल्या. १९७४ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय जोडणी झाली, १९७९ मध्ये युरोपची ‘युरोकॅट’. त्यांचा उपयोग किती, याचे उत्तम उदाहरण फ्रान्समधल्या लिऑनचे आहे. तिथल्या नोंदणीत काम करणाऱ्या एलिझाबेथ रॉबेर यांच्या १९८२ मध्ये लक्षात आले, की पाठीचा कणा उघडा राहिलेल्या, म्हणजे स्पायना बायफिडा असलेल्या बाळांच्या आयांमध्ये फिट्‌सवर व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायका नको इतक्या आहेत. नोंदणीत आईची औषधे लिहिलेली होती, म्हणून धागा सापडला. व्हॅल्प्रोएट आजही वापरात आहे, पण मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते देताना डॉक्टर बिचकतो.

‘युरोकॅट’ने सुरुवातीपासून एक शिस्त पाळली. जिवंत जन्म, विसाव्या आठवड्यानंतरचे गर्भमृत्यू आणि दोष आढळल्यामुळे केलेले गर्भपात या तिन्हींची बेरीज तिथे एकत्र होते. २००३ ते २००७ या काळात युरोपात मोठ्या व्यंगांचे एकूण प्रमाण दर हजारी २३.९ निघाले. त्यातली ८० टक्के बाळे जिवंत जन्मली, २ टक्के मृत जन्मली आणि १७.६ टक्के गर्भ निदानानंतर पाडले गेले. म्हणजे युरोपात फक्त पाळणे मोजले असते तर दर पाचांतले एक प्रकरण निसटले असते. ही सरासरी झाली. काही दोषांत, उदाहरणार्थ डोक्याची कवटी आणि मेंदूचा वरचा भाग घडतच नाही त्या अ‍ॅनेनसेफलीत, जन्मापर्यंत फारच थोडे गर्भ पोचतात, कारण हा दोष सोनोग्राफीत चुकत नाही आणि त्यावर उपाय नाही.

हा फरक व्यवहारात किती महत्त्वाचा, ते फॉलिक अ‍ॅसिडच्या कहाणीत दिसते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. ती नीट मिटली नाही तर न्यूरल ट्यूब डिफेक्ट होतो: अ‍ॅनेनसेफली, स्पायना बायफिडा वगैरे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने १९९१ मध्ये दाखवले, की आधी असे बाळ झालेल्या बायकांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. अमेरिकेने १९९८ पासून पिठात ते मिसळणे सक्तीचे केले, दर १०० ग्रॅममध्ये १४० मायक्रोग्रॅम. मग हे दोष किती घटले? जन्मदाखल्यांवरून आलेला पहिला आकडा होता १९ टक्के. पण जन्मदाखल्यात गर्भपात येत नाहीत, आणि बाळाच्या व्यंगाची नोंद तिथे नीट होतही नाही. पोटातच निदान झालेली प्रकरणे धरणाऱ्या नोंदण्यांनी यापेक्षा मोठी घट दाखवली. पुढे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सुमारे ३५ टक्क्यांचा आकडा दिला.

कॅनडाने हे काम अधिक नेटके केले. सात प्रांतांतले जिवंत जन्म, मृतजन्म आणि गर्भपात एकत्र धरून २००७ मध्ये निष्कर्ष आला: हजारी १.५८ वरून ०.८६, म्हणजे ४६ टक्के घट. जिथे हे दोष सर्वांत जास्त होते त्या न्यूफाउंडलंडमध्ये ४.५६ वरून ०.७६. गर्भपात हिशेबात असल्यामुळे ‘बायका सोनोग्राफी करून गर्भ पाडतात म्हणून आकडा घटला’ असे कोणाला म्हणता आले नाही.

युरोपात नेमके उलटे चित्र दिसले. तिथे सरकारे गोळ्या घेण्याचा सल्ला देत राहिली, पिठात काही मिसळले नाही. युरोपातल्या नोंदण्यांचा १९९१ ते २०११ चा आढावा २०१५ मध्ये आला. दहा हजार जन्मांमागे ९.१ हे प्रमाण वीस वर्षांत हलले नव्हते. वॉर्डात स्पायना बायफिडाची बाळे मात्र कमी दिसत होती, त्यामुळे अनेकांना प्रश्न सुटत चालल्यासारखा वाटत होता. घटले होते ते जन्म. दोष तेवढेच होत होते. गर्भपात आणि प्रतिबंध यांना सरकारी अहवालांत एकाच मथळ्याखाली घालण्याची सवय फार जुनी आहे, आणि ती मला साफ अमान्य आहे. फॉलिक अ‍ॅसिडने टळलेला स्पायना बायफिडा आणि विसाव्या आठवड्यात पाडलेला गर्भ हे आईच्या दृष्टीने एक नाहीत. आकड्यांतही ते एक नसावेत.

आकडा फुगण्याची बाजू थोडक्यात सांगता येते. इकोकार्डिओग्राफी सर्रास झाल्यापासून हृदयाच्या जन्मजात दोषांचे प्रमाण अनेक देशांत वाढलेले दिसते. त्यातली बरीच वाढ बारीक छिद्रांची आहे, जी पूर्वी कोणाला न कळता आपोआप बुजत. याउलट गॅस्ट्रोस्किसिस, म्हणजे बेंबीशेजारच्या फटीतून आतडी बाहेर असणे, ही गोष्ट नवजात बाळात कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. अमेरिकेत १९९५-२००५ च्या तुलनेत २००६-२०१२ मध्ये हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. डोळे तेच, तरी संख्या वाढली. म्हणून ही वाढ खरी मानली जाते, आणि कारण अजून हाती लागलेले नाही.

ब्राझीलमध्ये २०१५ च्या अखेरीस लहान डोक्याच्या बाळांची लाट आली तेव्हा जुना आकडाच कच्चा निघाला. आधीची नोंद इतकी विरळ होती की तिच्याशी तुलना करून वाढ नेमकी किती ते सांगता येईना. त्यात डिसेंबरमध्ये डोक्याच्या घेराची संशयाची मर्यादा ३३ सेंटिमीटरवरून ३२ वर आणली गेली. काही काळ शास्त्रज्ञांतच वाद चालला, की झिकाचा विषाणू खरोखर दोषी आहे की सगळे अचानक टेप घेऊन बसले आहेत. विषाणू दोषी होता. पण आधीच्या दहा वर्षांची भक्कम नोंद असती तर हा वाद इतका लांबला नसता.

आपल्याकडे असा वाद दशकानुदशके चालू राहू शकतो. केरळातल्या कासरगोडमध्ये सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर सत्तरच्या दशकापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. एन्मकजे पंचायतीत दवाखाना चालवणारे डॉ. वाय. एस. मोहन कुमार यांना आजारी आणि व्यंग असलेली मुले वाजवीपेक्षा जास्त दिसत होती. समित्यांवर समित्या आल्या आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर या कीटकनाशकावर बंदी घातली. फवारणीपूर्वी त्या गावांत दर हजारी किती बाळे व्यंग घेऊन जन्मत, हे सांगणारी वहीच कधी नव्हती.

देशपातळीवर आपल्याकडे तुकडे आहेत. चेन्नईच्या फीटल केअर रिसर्च फाउंडेशनने २००१ पासून रुग्णालयांच्या सहभागातून नोंदणी चालवली. उत्तर प्रदेशातल्या बलरामपूर जिल्ह्यात गावोगाव फिरून केलेल्या अभ्यासात न्यूरल ट्यूब दोष हजारी ६.५७ ते ८.२१ इतके आढळले. तो २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुण्याच्या विद्यापीठात डॉ. अनिता कर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास मला विशेष मोलाचा वाटतो. रुग्णालयात आलेल्या बाळांपासून सुरुवात करण्याऐवजी त्यांनी २,१०७ गरोदर बायकांपासून केली आणि प्रत्येकीचे पुढे काय झाले ते पाहिले. मोठ्या व्यंगांचे प्रमाण दहा हजार जन्मांमागे सुमारे २३० आले. त्यात हृदयाचे दोष सर्वांत जास्त होते, आणि मृतजन्मांच्या कारणांत व्यंगांचा क्रमांक दुसरा होता. समूह लहान असल्याने खरा आकडा १७१ ते ३१० च्या दरम्यान कुठेही असू शकतो, हे लेखकांनीच सांगितले आहे. तरी हे प्रमाण युरोपच्या जवळ आहे. महाराष्ट्रात वर्षाला १८ लाखांच्या आसपास जन्म धरले तर ही संख्या चाळीस हजारांच्या पुढे जाते. हा माझा ढोबळ गुणाकार आहे. सरकारी आकडा नव्हे.

सरकारी मोजणीचा मुख्य आधार आहे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात पालघरमधून झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्या आणि एकदा शाळा तपासतात. प्रसूतीच्या ठिकाणी नवजात बाळ पाहिले जाते, आशाताई घरी जाऊन पाहतात. तपासायच्या तीस बाबींपैकी नऊ जन्मजात दोषांच्या आहेत. (त्यातली एक, मुदतपूर्व बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार, मुळात जन्मदोषच नाही, पण ज्याने यादीत घातली त्याचे भले होवो, कारण वेळेवर सापडल्यास दृष्टी वाचते.) उपचारांसाठी हा कार्यक्रम चांगलाच आहे. प्रमाण सांगायला तो पुरत नाही. अंगणवाडीत पथकाला भेटते ते बाळ जगलेले असते. पहिल्या आठवड्यात गेलेले, मृत जन्मलेले आणि पाचव्या महिन्यात पाडलेले तिथे कधीच पोचत नाही.

हे पाचव्या महिन्यात पाडलेले कुठे नोंदले जाते? इथे आपला इतिहास आडवा येतो. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये गर्भजल परीक्षा सुरू झाली ती दोष शोधण्यासाठी. काही वर्षांत तिचा धंदा झाला मुली शोधण्याचा. मुंबईतल्या स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या लढ्यातून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण २००१ मध्ये हजार मुलग्यांमागे ९१३ होते ते २०११ मध्ये ८९४ झाले, बीडमध्ये तर ८०७. कायदा हवाच होता आणि हवाच आहे. पण त्यामुळे सोनोग्राफी केंद्राकडे पाहण्याची सरकारची नजर पोलीस ठाण्यातल्या अंमलदारासारखी झाली. कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी (तेच, जे पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले) सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडले, प्रत्येक तपासणीची साठवण व्हावी म्हणून. उद्देश चोर पकडण्याचा होता आणि तो योग्यच होता.

गंमत अशी, की याच कायद्यातला एफ फॉर्म उत्तम नोंदणीपत्र होऊ शकतो. गरोदर बाईची सोनोग्राफी करताना तो भरावाच लागतो. बाईचे वय, आधीची मुले, किती आठवडे, तपासणी कशासाठी, काय आढळले, दोषामुळे गर्भपाताची गरज आहे का, हे रकाने त्यात आहेत. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जातो. तपासनीस पाहतो तो सही आहे का, रकाना रिकामा नाही ना, एवढेच. ‘काय आढळले’ या रकान्याची जिल्हावार बेरीज मात्र होत नाही. गर्भपात केंद्राच्या मासिक तक्त्यातही कारणांपुढे संख्या भरायच्या असतात, त्यात ‘बाळात गंभीर दोष’ हे एक कारण आहे. मृतजन्माची नोंद जन्म-मृत्यू निबंधकाकडे वेगळ्या अर्जावर होते. आणि जिवंत बाळ, ते बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे. चार वह्या, चार अधिकारी, एकाच जिल्हा मुख्यालयात, बहुधा एकाच आवारात. एकाच बाईची कहाणी या चार ठिकाणी फाटून पडलेली असते.

यातली गोपनीयतेची अडचण खरी आहे. गर्भपाताची नोंद गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि लिंगनिदानाच्या धास्तीने आधीच अनेक डॉक्टर दुसऱ्या तिमाहीतला कायदेशीर गर्भपातही टाळतात. मोजणीच्या नावाखाली आणखी एक चौकशी बाईच्या मागे लागली तर तिने काय करायचे? म्हणून जोडणी नावाशिवाय, सांकेतिक क्रमांकावर व्हायला हवी आणि लिंगनिदानविरोधी कायद्याच्या (पीसीपीएनडीटी) धाडींशी तिचा संबंध नको. युरोपातल्या नोंदण्या हे वर्षानुवर्षे करत आल्या आहेत.

निदानाला कायद्याने किती वेळ दिला, यावरही आकडे ठरतात. १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा वीस आठवड्यांची होती, आणि दोष शोधणारा अनॉमली स्कॅन होतो अठरा ते वीस आठवड्यांत. हृदयाचा दोष पक्का व्हायला बावीस-चोवीस आठवडे लागतात. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी २००८ मध्ये आपल्या रुग्ण दांपत्यासह उच्च न्यायालयात याचिका केली. ती नाकारली गेली, पण प्रश्न देशभर पोचला. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर दोष असल्यास आणि वैद्यकीय मंडळाने तसे ठरवल्यास आठवड्यांची मर्यादा काढली. ‘गंभीर’ म्हणजे काय, हे मात्र मंडळावर सोडले. अपंग हक्क कार्यकर्त्यांचा आक्षेप इथे आहे: डाउन सिंड्रोमचा गर्भ आणि मेंदूच नसलेला गर्भ एकाच शब्दाखाली येतात, आणि मंडळात डॉक्टर असतात, त्या स्थितीत जगणारे कोणी नसते. डेन्मार्कने २००४ मध्ये सर्व गरोदर बायकांना पहिल्या तिमाहीत तपासणी देऊ केली आणि दोन वर्षांत डाउन सिंड्रोमचे जन्म निम्म्यावर आले. याला यश म्हणायचे की नाही, हा प्रश्न आकडे सोडवत नाहीत. मला वाटते, निर्णय बाईचाच असावा. आणि तिच्या समोर गर्भपाताच्या माहितीइतकीच त्या मुलाच्या शाळेची आणि उपचारांची माहितीही यावी. ती द्यायची तर अशी मुले किती, कुठे आणि कशी आहेत, हे आधी माहीत लागते. केरळने २०१७ पासून ‘हृद्यम’ योजनेत हृदयदोषाच्या बाळांची ऑनलाइन नोंद आणि शस्त्रक्रिया यांची सांगड घातली, तेव्हा मोजणी थेट खाटेपर्यंत पोचली.

आता आपल्याकडच्या फॉलिक अ‍ॅसिडकडे, म्हणजे गोळ्यांकडे आणि तांदळाकडे वळू. आपल्या गरोदर बायकांना लोह-फॉलिकच्या गोळ्या मिळतात त्या नाव नोंदवल्यावर, आणि बाराव्या आठवड्याआधी नोंद झाली तरी आपण खूश होतो. मेंदू-मज्जारज्जूची ती नळी त्याच्या साधारण सहा आठवडे आधी मिटलेली असते. रेशनच्या तांदळात २०२१ नंतर टप्प्याटप्प्याने पोषकद्रव्ये मिसळली गेली. ठरलेले प्रमाण किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. अमेरिकेतल्या पिठात किलोमागे १,४०० असते. दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला फार तर ४० मायक्रोग्रॅम मिळतील, शिफारस ४०० ची आहे. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांनी दाखवल्याप्रमाणे आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत बी-१२ कमी असते, आणि नळी मिटण्याशी त्याचाही संबंध आहे. तांदूळ कोट्यवधी घरांत गेला. त्याने एक तरी स्पायना बायफिडा टळला का, याचे उत्तर कॅनडाने जसे दिले तसे देण्याची सोय कोणत्याही राज्याकडे नव्हती.

ही सोय राज्यभर एकदम करायची गरज नाही. दोन जिल्हे पुरतील. एक पुण्यासारखा, जिथे स्कॅन सर्रास होतो, आणि एक पालघर किंवा नंदुरबारसारखा, जिथे होत नाही. नऊ किंवा तीस दोषही नकोत. अ‍ॅनेनसेफली, स्पायना बायफिडा, दुभंगलेला ओठ, पोटाच्या भिंतीची फट, हात-पाय अपुरे असणे: यंत्राशिवाय ओळखू येणारे पाच दोष, चार वह्यांतून, नाव न घेता, दर महिन्याला.